पाठमोरी माणसं काढणारा गफूर

माझा धाकटा दीर गफूर गेल्या रमजानात गेला. मयतीला आलेल्यांपैकी तिघाचौघांनी मला विचारलं, भाबी, गफूरभाई सौदीत नेमकं काय करायचे? मी म्हटलं, बोर्ड रंगवायचा. त्यांनी माना हलवल्या. चौदा वर्षं परदेशात राहून माणूस बोर्डच रंगवत राहिला, यात सांगण्यासारखं काय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण वाचता येतं.

गफूर आमच्या दाभोळ खाडीकाठचा. मिसरूड फुटण्याआधीपासून होड्यांवर नावं रंगवायचा. सत्याहत्तर साली आमच्या ह्यांनी, म्हणजे सिराजुद्दीननी, त्याला सौदीत खोबर शहरात बोलावून घेतलं. हे तिथे एक बुफिया चालवायचे. बुफिया म्हणजे चहा-सँडविचचं दुकान, बसायला आठ टेबलं. मालक होता अबू माजिद, आणि तोच आमच्या सगळ्यांचा कफील, म्हणजे सरकारदरबारी जामीन राहणारा. गफूरच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, लिहिलं होतं वेटर. त्याने जन्मात कुणाला चहा नेऊन दिला नाही, दिला असता तर सांडला असता. कपबशा उचलायच्या वेळेला हा कुठल्या तरी दुकानासमोर शिडीवर असायचा. अबू माजिद चालवून घ्यायचा, कारण त्याच्या मेव्हण्यांच्या दुकानांचे बोर्ड आपोआप रंगून मिळत होते.

तिथे बोर्डावर माणसाचा चेहरा काढायचा नाही हा रिवाज. न्हाव्याच्या दुकानाचा बोर्ड असला की गफूर झकास भांग काढायचा, खाली काळीभोर दाढी काढायचा आणि मधली जागा कोरी सोडायचा. शिंप्याच्या बोर्डावर सूट, आत कुणी नाही. मी त्याला चिडवायची की तुझ्या बोर्डांवर सगळी भुतंच राहतात. तो म्हणायचा, भुतं भाडं मागत नाहीत भाबी.

बाकी वेळ तो धबधबे काढायचा. अरबांना धबधब्याचं वेड. हिरवे डोंगर, पांढरा धबधबा, खाली दोन हंस. त्याने आयुष्यात हंस बघितला नव्हता, म्हणून त्याचे हंस जरा बगळ्यासारखे व्हायचे.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि आमच्या गल्लीत जो तो बॅगा खाली काढायला लागला. कुवेत म्हणजे गाडीने चार-पाच तासांवर. तेल कंपनीच्या वसाहतीतले अमेरिकन आपापली बायकापोरं घरी पाठवायला लागले. जाताना एकेका घराने नको असलेलं सामान दाराबाहेर मांडून ठेवलं, ज्याला हवं त्याने न्यावं. गफूर तिथे गाड्या लावायच्या जागेवर नंबर रंगवायला गेला होता. लोकांनी मिक्सर आणले, गालिचे आणले. ह्याने एक जुनं कॅलेंडर आणलं, सत्याऐंशी सालचं. मी म्हटलं, शाबास, आता तीन वर्षं मागे जाऊन राहू या, लढाई तरी टळेल.

ते कुणा अमेरिकन चित्रकाराचं कॅलेंडर होतं. बारा महिन्यांची बारा चित्रं. मी आपली अमेरिका म्हणजे काचेच्या इमारती आणि गोरी हसरी माणसं समजून बघायला गेले. तर यात सगळी दमलेली माणसं. धोबीखान्यात वाफेत उभ्या बायका. दुपारच्या सुट्टीत उभ्याउभ्याच भाकरतुकडा खाणारे बाबू. कोर्टाबाहेर बाकावर वाट बघणारं म्हातारं जोडपं, दोघांच्या मध्ये एक टोपी. गर्दी एवढी, पण कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नव्हतं. मला ते काही पटलं नाही.

गफूर मात्र फेब्रुवारीच्या पानावर अडकला. त्यात पावाच्या दुकानासमोर रांग होती आणि रांगेतली सगळी माणसं पाठमोरी. एकाचं तोंड दिसत नव्हतं. तरी कोण थकलंय, कोण भुकेलं आहे, कुणाला घरी जायची घाई आहे, सगळं कळत होतं. दोन दिवस ते पान त्याच्या उशाशी. तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "भाबी, ह्या माणसाला तोंड काढायची बंदी नव्हती. तरी त्याने पाठच काढली."

मी सामोसे लाटत होते. मी म्हटलं, मग?

"मग काही नाही. मी इतकी वर्षं कोऱ्या जागा सोडत बसलो."

त्याच आठवड्यात अबू माजिदने बुफियाची मोठी भिंत रंगवायला सांगितली. लढाईच्या बातम्यांनी गिऱ्हाईक उदास झालंय, एखादा धबधबा काढ म्हणाला. गफूरने हो म्हटलं, पुढे पडदा लावला आणि नऊ दिवस पडद्यामागे काम केलं. दहाव्या दिवशी पडदा काढला तर धबधबा नाही, हंस नाहीत. आमचीच गल्ली होती, दुपारच्या चारची. मधोमध जलालचा तंदूर आणि त्याच्यासमोर रोटीसाठी लागलेली रांग. सगळी माणसं पाठमोरी.

जलाल हा समोरचा येमेनी भटारी. बावीस वर्षं त्याच गल्लीत रोट्या भाजत होता, त्यांच्या भाषेत खुब्ज. गल्लीतल्या प्रत्येक घराला किती रोट्या लागतात ते त्याला पाठ. पाहुणे आले की आमच्या आधी त्याला कळायचं. चित्रात तो तंदूरकडे वाकलेला, आपल्याकडे पाठ, डावा खांदा जरा खाली, आणि एक हात मागे करून रांगेतल्या पहिल्या माणसाला रोटी देतोय. बावीस वर्षं लांब फळीने रोट्या काढून त्याचा खांदा तसा झाला होता. गल्लीत आंधळ्यानेही तो खांदा ओळखला असता.

मी बुफियात पुढे कधी बसत नसे. मागच्या स्वयंपाकघरातून एका खिडकीतून ताटं पुढे सरकवायची, एवढाच माझा बुफिया. त्या दिवशी त्या खिडकीतून मी जी गंमत बघितली ती अजून आठवते. माणसं येत होती आणि भिंतीवर स्वतःला शोधत होती. रास तनुराच्या बसचा ड्रायव्हर तौकीर म्हणाला, तो पँट सारखी वर ओढणारा मीच. बँकेतला विनय, पुण्याचा, त्याला स्वतःचं टक्कल पहिल्यांदाच एवढं सविस्तर बघायला मिळालं. तो गफूरला म्हणाला, जरा केस दाट करता येतील का? गफूर म्हणाला, केस तुम्ही आणा, रंग मी लावतो.

एका कडेला काळ्या अबायातली एक बाई होती. सगळ्या बायका तिथे सारख्याच काळ्या. पण पिशवी डाव्या हातात आणि उजवा हात कमरेवर, हे बघून मी खिडकीतूनच म्हटलं, मेल्या, माझी कंबर एवढी आहे होय?

अबू माजिद सुरुवातीला धबधब्यावरून कुरकुरला. पण गर्दी वाढली. अबकैकच्या तेलकारखान्यात पाळीवर जाणारे लोक मुद्दाम भिंत बघायला थांबायचे. मग तोही पाहुण्यांना दाखवायला लागला.

सप्टेंबरात नियम बदलला. येमेनी लोकांना आजवर कफील लागत नसे. आता लागणार होता, नाहीतर ठरल्या तारखेच्या आत देश सोडायचा. येमेनच्या सरकारने कुणाची बाजू घेतली आणि कुणाची नाही, हा वाद मोठ्यांचा. जलालने आयुष्यात फक्त कणकेची बाजू घेतली होती. तो अबू माजिदकडे गेला. अबू माजिद पहिल्या दिवसापासून त्याच्या हातची रोटी खात आलेला. अबू माजिद म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा गेला, तेव्हाही बघू. अबू माजिद वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. घाबरट होता. वाईट माणसाशी निदान सरळ भांडता येतं.

नोव्हेंबरात जलालने तंदूर विझवला. जायच्या सकाळी तो बुफियात आला, भिंतीसमोर उभा राहिला आणि चहा संपेपर्यंत स्वतःकडे बघत राहिला. मग गफूरला म्हणाला, "माझ्या घरचे हे चित्र लगेच ओळखतील. ते मला नेहमी जातानाच बघतात."

रोट्यांची ती लांब फळी जलालने आमच्या दाराशी टेकवून ठेवली आणि गेला. आता त्याची जागा फक्त भिंतीवर होती.

चार दिवसांनी अबू माजिद आला तो धुसफुसतच. मशिदीत कुणीतरी त्याला टोकलं होतं, की सगळे येमेनी गेले आणि तू मात्र एक भिंतीवर मांडून बसलायस, लोक काय समजतील? त्याने ह्यांना सांगितलं, मधल्या त्या माणसावर उद्याच्या उद्या रंग फिरव. बाकी चित्र राहू दे, चांगलं आहे.

इकाम्याचं नाव काढलं की आमचे हे कपाटातले कागद पुन्हा मोजायला बसायचे. आमच्या तिघांचे इकामे, खाली दोन मुलं तिथल्या शाळेत, सगळं अबू माजिदच्या एका सहीवर. घरी येऊन ह्यांनी गफूरला समजावलं, एक माणूस तर पुसायचाय, त्याच्या जागी खजुराचं झाड काढ. खरं सांगते, तेव्हा मीही ह्यांच्याच बाजूने बोलले. म्हटलं, जलाल तर गेला, त्याला काय कळणार आहे. गफूर जेवत होता. तो म्हणाला, मला कळेल. आणि आमटी वाढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर अबू माजिद स्वतः आला. टेबलं भरलेली. मी खिडकीशी. तो तोडक्या हिंदीत, गफूर तोडक्या अरबीत, असं ते बोलणं झालं. अबू माजिद म्हणाला, अजून का पुसलं नाही? गफूर म्हणाला, पुसतो, पण आधी एवढं सांगा, ह्याच्या मागे जो माणूस उभा आहे त्याचं काय करू?

अबू माजिदने पहिल्यांदा नीट बघितलं. रांगेतला पहिला माणूस. पांढरा झगा, टाचा जरा बाहेर गेलेल्या चपला, माळेचे मणी फिरवायची सवय म्हणून डावा हात पाठीशी. उजवा हात पुढे, जलालच्या रोटीखाली. इतके दिवस तो पाहुण्यांना सगळ्यांच्या पाठी दाखवत होता. स्वतःची काही त्याला ओळखता आली नव्हती. दुसरा कुणी सांगण्याच्या भानगडीत पडला नव्हता.

गफूर म्हणाला, "जलालला पुसलं की तुमचा हात नुसता पसरलेला राहील. रिकाम्या हवेपुढे."

"मग हातही पुसून टाक."

"पुसतो. पण इथे हात नसलेला माणूस दिसला की लोक काय समजतात, ते तुम्हीच बघा."

चोरीची शिक्षा तिथे काय असते ते सगळ्यांना माहीत. तौकीरला चहाचा ठसका लागला. विनय वर्तमानपत्रात तोंड घालून बसला, ते वर्तमानपत्र अरबी होतं. अबू माजिद लाल झाला. मग मला पूर्ण पूस, म्हणाला. गफूरने शांतपणे सांगितलं की मग तुमच्या मागचा माणूस तुमच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे, तो पडेल. त्याला पुसलं की त्याच्या मागचा. शेवटी उरते भाबी, आणि एकट्या बाईला भिंतीवर उभी ठेवणं बरं दिसणार नाही.

अबू माजिद निघून गेला. ह्यांनी खिडकीतून माझ्याकडे असं बघितलं जणू आमचं सामान आताच बांधून झालंय.

दोन दिवसांनी हमालांनी एक मोठा पांढरा फ्रीज आणला, शीतपेयांचा, माणसाहून उंच, पत्र्याच्या दाराचा. अबू माजिदने तो जलालच्या बरोबर पुढे ठेवला आणि हात झटकले. रंग नाही, भांडण नाही. फ्रीजच्या कडेने फक्त रोटीचा अर्धा चतकोर आणि अबू माजिदचा हात तेवढा दिसत होता. हे म्हणाले, चला, सुटलो.

बोर्ड रंगवणाऱ्याला पत्रा म्हणजे काय ते ह्यांनी विसरायला नको होतं. गफूरने जन्मभर पत्रेच रंगवले होते. शुक्रवारी सकाळी दुकान बंद असतं, त्या चार तासांत त्याने फ्रीजच्या दारावर जलाल काढला. तोच खांदा, तोच वाक, हात मागे. तोही असा मापात की हात दारावरून निघून भिंतीवरच्या त्याच रोटीला जाऊन मिळाला. कुणी थंड प्यायला दार उघडलं की जलाल बाजूला सरकायचा, दार लागलं की परत जागेवर, आणि फ्रीजमागे भिंतीवर दुसरा जलाल उभाच.

अबू माजिदने बघितलं आणि गफूरला एक्झिट लावली. म्हणजे इकामा जमा, पासपोर्टवर कायमचा जायचा शिक्का, खलास. बाकी त्याने काहीच केलं नाही. फ्रीज हलवला असता तर मागचा जलाल दिसला असता.

गफूरची तारीख होती जानेवारीच्या एकोणीसला. सतराला लढाई सुरू झाली आणि आमच्या बाजूचा विमानतळ प्रवाशांना बंद झाला. ज्याला हाकलायचं त्याला न्यायला विमानच नव्हतं. अबू माजिद कुटुंब घेऊन लाल समुद्राकडे राबिघला मेव्हण्याकडे गेला. गल्ली अर्धी रिकामी. आणि हा माणूस, नोकरी नाही, इकामा नाही, खिशात जायचा कागद, रोज सकाळी आठ वाजता बुफियात येऊन फ्रीजसमोरच्या टेबलावर बसायचा आणि मालकासारखा चहा मागवायचा. क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की आम्ही सगळे ओले टॉवेल तोंडाला लावून स्वयंपाकघरात कोंबले जायचो. विषारी वायूसाठीचे मास्क सगळ्यांना पुरले नव्हते. ह्यांनी त्याला एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, मला केव्हाच देशाबाहेर काढलंय भाईजान, क्षेपणास्त्राला मी इथे सापडणार कसा?

गल्लीत अमेरिकन शिपाई फिरायला लागले होते. एकजण आत आला, लालबुंद, लहानसा. भिंतीकडे बराच वेळ बघितलं आणि मग मुकाट्याने रांगेत सगळ्यात मागे, माझ्या चित्राच्या मागे, भिंतीला लागून उभा राहिला. त्याच्या सोबत्यांनी फोटो काढला. गफूर आतून ते कॅलेंडर घेऊन आला आणि फेब्रुवारीचं पान फाडून त्याला दिलं. मी म्हटलं, एवढं जपलेलं दिलंस? तर म्हणाला, त्यातलं घ्यायचं ते घेऊन झालंय.

फेब्रुवारीअखेर लढाई संपली, मार्चमध्ये विमानं सुरू झाली, अबू माजिद परतला. गफूरची तारीख पुन्हा पडली, गुरुवारची. आणि अबू माजिदने ह्यांच्या हातात थिनरचा डबा दिला. फ्रीज आजच्या आज पुसून काढा, नाहीतर गफूरबरोबर तुम्हीही तयारी करा.

हे डबा घेऊन आत आले आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. साफसफाई माझ्याकडे, म्हणून. मी डब्याकडे बघितलं. मला मुलांची शाळा दिसली, गावचं गळकं छप्पर दिसलं, आणि जलालने दाराशी ठेवलेली ती फळी, जिला मी रोज ओलांडून येत होते. मग मी अबाया घेतला, डबा उचलला आणि मागच्या दाराने नाही, सरळ मधल्या दाराने पुढे दुकानात गेले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. आठ टेबलांवरच्या पुरुषांच्या माना एकदम वळल्या. मी डबा अबू माजिदच्या टेबलावर ठेवला.

"हे घ्या," मी म्हटलं. "माझा नवरा पुसणार नाही, मी पुसणार नाही. ज्याने ह्याच्या हातची रोटी खाल्ली नसेल त्याने पुसावं."

मी हिंदीतच बोलले, पण अशी हिंदी की कुणालाही कळावी. अबू माजिदने डब्याचं झाकण उघडलं. वास सुटला. त्याने फ्रीजकडे बघितलं, मग टेबलांकडे. एकही माणूस पुढे आला नाही. सगळे तिथेच बसून होते आणि अख्ख्या गल्लीत असा एक नव्हता ज्याने ती रोटी खाल्ली नव्हती. तो तर सगळ्यात जुना खाणारा. त्याने झाकण परत लावलं, घट्ट, तळहाताने ठोकून, आणि हलक्या आवाजात ह्यांना म्हणाला की बाईला आत जायला सांग, चहा करायला सांग. मी आत गेले आणि चहा केला. त्याला साखर जास्त घातली, थोडी कीव आली म्हणून.

गफूरची एक्झिट काही टळली नाही. तो गुरुवारी गेला. विमानतळावर ह्यांनी त्याला मिठी मारली आणि माफी मागायला लागले, तर तो म्हणाला, भाईजान, वेटर म्हणून आलो होतो, एक कप न उचलता चाललोय, आणखी काय पाहिजे. गावी त्याने शाळांच्या भिंती रंगवल्या, दवाखाने रंगवले, एसटीच्या थांब्यावर थांबलेल्या बायका काढल्या. परत व्हिसाला अर्ज केला नाही. फोनवर मला एकच विचारायचा, फ्रीज चालू आहे का?

मी चालू आहे म्हणायची. चौऱ्याण्णवला त्याचा कॉम्प्रेसर गेला. अबू माजिद म्हणाला, आता तरी भंगारात काढू. मी म्हटलं, मैदा ठेवायला बरा आहे, उंदीर जात नाहीत. आणि आत पोती भरून टाकली, चार माणसांनाही हलला नसता इतकी. अठ्ठ्याण्णवला आम्ही कायमचे निघालो त्या दिवशीही जलाल तिथेच उभा होता, आणि अबू माजिद त्याच्यापुढे हात करून. नव्या मॅनेजरला किल्ली देताना मी सांगितलं, फ्रीज बंद आहे पण काढायचा नाही. त्याने विचारलं, कुणाचा हुकूम? मी म्हटलं, माझा.